धुराची साक्ष

आपल्याकडील न्यायशास्त्राचा विद्यार्थी अभ्यासाच्या पहिल्या कांहीं दिवसांतच एका डोंगरासमोर येऊन उभा राहतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि असला पाहिजे, असें अनुमान करावयास त्याला शिकवितात. आणि दाखला देतात तो घरच्या स्वयंपाकघराचा. जेथें धूर तेथें विस्तव, हें त्यानें चुलीपाशीं रोजच पाहिलेलें असतें. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’मुळें हा धडा पाठशाळेंत गेलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच धड्याचा पुढचा भाग फारसा कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. धुरावरून अग्नीचें अनुमान करतां येतें. अग्नीवरून धुराचें मात्र करतां येत नाहीं. लोहाराच्या भट्टींतून काढलेला लालभडक लोखंडाचा गोळा अग्निमय असतो, पण त्याला धूर नसतो. धूर निघावयास नुसता अग्नि पुरत नाहीं. अग्नीचा ओल्या इंधनाशीं संयोग व्हावा लागतो.

म्हणजे धूर हा केवळ अग्नीचा पुरावा नव्हे. इंधनांत कांहीं ओलें, कांहीं जास्त, कांहीं नको तें मिसळलें आहे, याचीहि ती साक्ष आहे. आमच्या आजीला हें शास्त्र कोणीं पढविलें नव्हतें. पण माजघरांत बसल्या बसल्या, आंतून येणाऱ्या धुराचा रंग आणि वास यांवरून ‘आज सरपण ओलें दिसतें’, ‘दूध उतूं गेलें वाटतें’, ‘फोडणीचें तेल जळतें आहे, बघा ग’, इतकें ती बिनचूक सांगत असे. घरांत गॅसची शेगडी आली आणि ही विद्या स्वयंपाकघरांतून गेली. मला ती पुन्हां भेटली ती मोटारीच्या मागें.

आमचें गांव बिलोली. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिवेवरचें हें तालुक्याचें ठिकाण. येसगीजवळचा मांजरेवरील पूल ओलांडला, कीं पुढें बोधन, निजामाबाद, म्हणजे तेलंगण. त्यामुळें बाजारांत मराठी, तेलुगु आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच दुकानांत ऐकूं येतात. हा सारा मुलूख एके काळीं हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानांत निजामाच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ बसगाड्या घेऊन सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. त्या मानानें आमच्याकडील माणसांची मोटारीशीं ओळख तशी जुनी म्हणावयाची. पण मोटारींत बसणें निराळें आणि मोटारीची भाषा समजणें निराळें.

ही भाषा समजावयाची तर प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. मोटारीचें इंजिन म्हणजे पत्र्याआड दडलेली एक चूलच आहे. पेट्रोल किंवा डिझेल यांत मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन असतात. हवा पुरेशी मिळून ते नीट जळले, तर हायड्रोजनाची पाण्याची वाफ होते आणि कार्बनाचा कर्बाम्ल वायु होतो. हीं दोन्ही डोळ्यांना दिसत नाहींत. आश्चर्य वाटेल, पण एक लिटर पेट्रोल जळलें, कीं त्यांतून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होऊन वाफेच्या रूपानें निघून जातें! हिंवाळ्याच्या सकाळीं सायलेन्सरच्या तोंडाशीं पाण्याचे थेंब टपकतात व पांढुरकी वाफ दिसते, ती हीच. इंजिन तापलें कीं ती नाहींशी होते. तिला भिण्याचें कारण नाहीं. चिंता करावयाची ती जो रंग टिकतो त्याची. आणि असे रंग तीन आहेत: काळा, पांढरा व निळा.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या एकत्र कुटुंबांत एक जुनी पेट्रोलची मोटार होती. थोरल्या काकांनीं ती चैनीसाठीं घेतलेली नव्हती. आजीला दर महिन्याला डॉक्टरकडे नरसी-नायगांवच्या रस्त्यानें नांदेडला न्यावें लागे आणि बसचा प्रवास तिला सोसत नसे. त्या वर्षीं माझ्या चुलतबहिणीला पुढील शिक्षणासाठीं औरंगाबादेस (आतांच्या छत्रपति संभाजीनगरास) पाठवावयाचें ठरलें होतें. तिच्या शुल्काचे व वसतिगृहाचे पैसे काकांनीं बाजूस काढून ठेवले होते. नेमकी त्याच सुमारास मोटार निळा धूर सोडूं लागली. नांदेडला एका ठिकाणीं दाखविली, तेव्हां तेथील माणसानें धुराकडे एकदां पाहिलें आणि निकाल दिला: “रिंग-पिस्टन गेलें. इंजिन उतरवून बोअरिंग करावें लागेल.” त्यानें सांगितलेला खर्चाचा आंकडा बाजूस काढलेल्या त्या रकमेच्या अगदीं जवळ जात होता.

त्या रात्रीं जेवणें उरकल्यावर माजघरांत बराच वेळ बोलणें चाललें. आजीचें औषधपाणी थांबवितां येत नव्हतें. मग थांबवितां येण्यासारखें दुसरें काय होतें, हें कोणीं उघड बोलून दाखविलें नाहीं, पण “एक वर्ष उशिरा गेली तर काय बिघडेल?” असा प्रश्न शेवटीं निघालाच. मुलीच्या शिक्षणाला ‘पुढच्या वर्षीं’ हा शब्द एकदां चिकटला, कीं तें पुढचें वर्ष पुष्कळ वेळां उजाडतच नाहीं, हें बायका जाणून होत्या. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्या उठून उष्टीं काढावयास गेल्या. बहीण तर दाराआडूनच सारें ऐकत होती.

दुसऱ्या दिवशीं काकांनीं मोटार आमच्याच गांवांतील एका वृद्ध मिस्त्र्याकडे नेली. त्याचें उभें आयुष्य मालमोटारींच्या पोटाखालीं गेलेलें. त्यानें बॉनेट उघडलेंच नाहीं. मागें जाऊन सायलेन्सरच्या तोंडांत बोट फिरविलें, तें चोळून पाहिलें, आणि म्हणाला, “काका, धुआँ कैसा है वो तो मैं देख लिया. कब निकलता, वो बोलो.”

काकांना उत्तर देतां येईना. मोटार धूर सोडते एवढेंच सर्वांनीं पाहिलें होतें. केव्हां सोडते, याकडे कोणाचेंच लक्ष नव्हतें. तेव्हां मिस्त्र्यानें चार गोष्टी पाहून ठेवावयास सांगितल्या. रात्रभर उभी असलेली मोटार सकाळीं सुरू करतांच धूर निघतो काय? ती नुसती उभी राहून चालू असतांना निघतो काय? चढावर, भरलेल्या गाडींत, जोर लागतांना निघतो काय? आणि लांब उतारावरून पाय उचलून आल्यावर पुन्हां ॲक्सिलरेटर दाबला, तर त्या क्षणीं निघतो काय?

घरांत सर्वांच्या आधीं वहिनी उठत. म्हणून सकाळचें काम त्यांच्याकडे आलें. गाडीबरोबर बाहेर जाणाऱ्यानें उरलेल्या तिहींचें उत्तर आणून त्यांनाच द्यावयाचें, असें ठरलें. दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनीं रेघा मारून चार रकाने पाडले. दहा दिवसांनीं वही पाहिली, तों त्यांत एक स्पष्ट गोष्ट उमटली होती. सकाळीं सुरू करतांच निळ्या धुराचा एक लोट निघे आणि मिनिटाभरांत विरून जाई. चढावर, पांच माणसें बसलेलीं असतांहि, धूर नसे. मांजरेच्या कांठाकडील उतार उतरून पुन्हां वेग घेतांना मात्र एक निळा झोत हमखास येई.

निळा धूर म्हणजे इंजिनाचें वंगण-तेल जळतें आहे, हें खरेंच. पण तें चुलींत येण्यास वाटा दोन आहेत. एक खालून: पिस्टनच्या कड्या, म्हणजे रिंगा, झिजल्या, कीं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून वर चढतें. तसें असेल तर जोर लागतांना, चढावर, धूर अधिक व्हावा. दुसरी वाट वरून: झडपांच्या दांड्यांवर रबराचीं लहानशीं टोपणें बसविलेलीं असतात, त्यांना वॉल्व्ह सील म्हणतात. तीं कडक होऊन चिरलीं, कीं गाडी उभी असतांना तेल थेंबथेंब खालीं झिरपतें आणि सकाळच्या पहिल्या भडक्यांत जळून जातें. तसेंच उतारावर पाय उचलला असतां पेट्रोलच्या इंजिनांत हवेची वाट बंद होते, आंत मोठी पोकळी निर्माण होते, आणि ती पोकळी झडपांवाटे तेल शोषून घेते. पुढें ॲक्सिलरेटर दाबतांच तें जळतें. वहिनींच्या वहीनें दुसरी वाट दाखविली होती.

मिस्त्री तेवढ्यावरच थांबला नाहीं. त्यानें प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. नंतर आंत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजला. रिंगा झिजल्या असत्या, तर त्या तेलानें फट भरून दाब चांगलाच वाढला असता. तो फारसा वाढला नाहीं. रिंगा शाबूत होत्या. सील बदललीं, खर्च त्या पहिल्या आंकड्याच्या मानानें अगदींच किरकोळ आला. बहीण त्याच जूनमध्यें औरंगाबादेस गेली, आणि आजीच्या नांदेडच्या फेऱ्याहि चालू राहिल्या.

या प्रसंगानें मला धुराकडे पाहावयास शिकविलें. निळ्या धुराचा निळेपणा कोठून येतो, याचें उत्तर आपल्या देवघरांत मिळतें. उदबत्तीच्या टोंकापासून निघणारी रेषा काळोख्या कोपऱ्यासमोर धरून पाहा. ती निळसर दिसेल. तीच उजेडाच्या खिडकीसमोर पाहिली, तर किंचित् तांबूस दिसेल. धुराचे कण अतिशय सूक्ष्म असले, कीं ते प्रकाशांतील निळा भाग चोहोंकडे अधिक फेंकतात. आकाश निळें दिसण्याचें कारणहि याच जातीचें आहे. जळक्या तेलाचे कण असेच बारीक असतात. वाफेचे थेंब मोठे, म्हणून ती पांढरी. आणि काजळी प्रकाश गिळूनच टाकते, म्हणून ती काळी. रंग ही धुराची लहर नव्हे. आंत काय जळलें आणि काय जळावयाचें राहिलें, याची ती नोंद आहे.

काळा धूर हा तिघांत सर्वांत समजावयास सोपा. चुलींत सरपण कोंबलें आणि फुंकणी विसरली, कीं काजळी धरते, तसेंच हें. इंधन जास्त, हवा कमी. जुन्या पेट्रोलच्या गाडींत चोक ओढलेला राहिला, कार्बोरेटर बिघडला, किंवा हवेची गाळणी, म्हणजे एअर फिल्टर, धुळीनें बुजली, तर असें होतें. डिझेलच्या गाडींत फिल्टर, नोझल आणि पंप हीं तपासावयाचीं. पण पुष्कळदां दोष यंत्राचा नसून वजनाचा असतो. मांजरेच्या पात्रांतून वाळूनें शिगोशीग भरलेल्या मालमोटारी वर चढूं लागल्या, कीं काळे लोट सोडतात. डिझेलच्या इंजिनांत जोर हवा असेल तर इंधनच वाढवावें लागतें, आणि हवेला कांहीं तें सगळें जाळतां येत नाहीं. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यांत अशी उडते, कीं शहरांतल्या माणसाला वर्षभर पुरणारी गाळणी येथें कांहीं महिन्यांत गच्च होते. म्हणून काळा धूर दिसला, तर इंजिनाला हात लावण्यापूर्वीं गाळणी काढून उजेडासमोर धरावी.

पांढऱ्या धुरांत मात्र थोडें सावध राहावें. थंडींतली वाफ हातभर अंतरावर विरते व इंजिन तापतांच थांबते. परंतु इंजिन तापल्यावरहि दाट पांढरा लोट चालूच असेल, त्याला किंचित् गोडसर वास येत असेल, आणि रेडिएटरमधील पाणी बाहेर कोठें न गळतां कमी होत असेल, तर थंड ठेवण्यासाठीं असलेलें पाणी चुलींत शिरत आहे असें समजावें. बहुधा सिलिंडर-हेडखालचें पॅकिंग फुटलेलें असतें. अशा वेळीं डिपस्टिकवरचें तेल दुधाळ दिसूं लागतें. गाडी तेथेंच थांबवावी. ‘नांदेडपर्यंत तर जाऊं’ असें म्हणणाऱ्याचें हेड पुष्कळदां वाटेंतच वांकतें, आणि पॅकिंगाच्या जागीं इंजिनाचा खर्च येतो. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडणें हा तर स्वतःलाच भाजून घेण्याचा उपाय आहे. डिझेलच्या गाडीचा पांढरा धूर कधीं कधीं पाण्याचा नसून न जळलेल्या डिझेलचा असतो. तो डोळ्यांना झोंबतो आणि दाब कमी झाल्याचें किंवा इंधन अवेळीं सुटत असल्याचें सांगतो.

साक्ष देणाऱ्याचें तोंड बांधण्याचीहि एक विद्या आहे. पुढें कांहीं वर्षांनीं तीच मोटार विकावयाची ठरली, तोंवर तिच्या रिंगा खरोखरच झिजल्या होत्या. मध्यस्थानें सल्ला दिला, “काका, दाट तेल भरा. पंधरा दिवस धूर दिसणार नाहीं.” सल्ला यांत्रिक दृष्ट्या खोटा नव्हता, दाट तेल झिजलेल्या फटींतून सावकाश झिरपतें, आणि धूर कांहीं काळ दबतो. घेणारा एक शिक्षक होता. काकांनीं त्याला मागें उभें केलें, गाडी सुरू केली, आणि “हा निळा धूर रिंगांचा आहे, किंमत त्या हिशेबानें लावा,” असें सांगितलें. किंमत उतरली. घरांत दोघांतिघांना तें रुचलें नाहीं. काका एवढेंच म्हणाले, “त्याच्याहि घरांत एखादी मुलगी शिकत असेल.”

धूर मोजण्याचे प्रयत्नहि जुने आहेत. माक्सिमिलियाँ रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकानें १८८८ च्या सुमारास पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या कमीअधिक दाट जाळ्या काढून काळ्या धुराला शून्यापासून पांचपर्यंत प्रत लावली. आज आपल्याकडे मोटारीसाठीं प्रदूषण-तपासणीचा दाखला काढावा लागतो, आणि डिझेलच्या गाडीच्या धुराची दाटी यंत्रानें मोजतात. १ एप्रिल २०२० पासून देशांत ‘भारत स्टेज सहा’चे नियम लागू झाले. या नव्या डिझेलच्या गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते, पेट्रोलच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारें उत्प्रेरक असतें, आणि दोष झाला कीं समोरच्या फळीवर दिवा लागतो. हें सारें चांगलेंच आहे. पण त्यामुळें एक भ्रम मात्र होऊं शकतो: धूर दिसत नाहीं, त्या अर्थीं सर्व ठीक आहे. नव्या गाडींतहि तेल जळूं शकतें, आणि त्याचा धूर थोडाफार त्या उत्प्रेरकांतच नाहींसा होतो. म्हणून महिन्यांतून एकदां डिपस्टिक काढून तेलाची पातळी पाहणें अजूनहि आवश्यक आहे.

आणि याहून गंभीर गोष्ट ती त्या लोखंडाच्या गोळ्याची. इंजिनांतून निघणाऱ्या वायूंपैकीं सर्वांत घातक जो कार्बन मोनॉक्साइड, त्याला रंगहि नाहीं, वासहि नाहीं. हवा अपुरी पडून कार्बन अर्धवट जळला, कीं तो होतो. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हां आपल्या देशांत बसगाड्यांना कोळशाच्या भट्ट्या जोडल्या होत्या. त्या भट्टींत मुद्दाम तयार करून इंजिनांत जाळावयाचा मुख्य वायु हाच होता. इंजिनाला जें अन्न, तेंच माणसाला विष! रक्तांतील प्राणवायु वाहणाऱ्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधीं डोकें दुखतें, मळमळतें, मग झोंप येते. आणि झोंपलेल्याला कळावयास कांहीं उरत नाहीं. घराला लागून असलेल्या बंद गॅरेजमध्यें गाडी चालू ठेवूं नये. थंडींत किंवा उकाड्यांत कांचा लावून, इंजिन चालू ठेवून, उभ्या गाडींत मुलांना झोंपूं देऊं नये. ‘धूर तर कोठें दिसत नाहीं’ हें उत्तर ऐकूं आलें, तर मुलांना तो धुराविण अग्नि समजावून सांगावा.

वहिनींची ती वही मीं पुढें एकदां मागून घेतली. दुधाचा हिशेब पुढच्या पानांवर, आणि मागच्या पानांवर चार रकान्यांत ‘होय’, ‘नाहीं’, ‘किंचित्’ एवढेच शब्द. तींत कोणतेंहि मत नव्हतें, निदान नव्हतें. दिवस, वेळ आणि जें दिसलें तें, एवढेंच होतें. आमच्या घरांत पुढें कोणाची प्रकृति बिघडली, मुलाचा अभ्यास मागें पडला, किंवा दोन जावांत धुसफूस सुरू झाली, म्हणजे कोणीतरी हळूच विचारी, “अहो, पण हें केव्हां होतें, तें पाहिलें का?” आणि इंजिन उतरविण्याची वेळ बहुतेक वेळां टळे.